न उतरवलेल्या दोन ओळी

कामतघर, भिवंडी
ता. २२ जून १९८६

चि. सौ. सुमतीस केसरीनाथचे अनेक आशीर्वाद.

तुला मुरबाडच्या गाडीत बसवून दवाखान्यात आलो आणि ठाण्याच्या सांध्यांच्या डॉक्टरांचा कागद समोर घेतला. त्यांचं अक्षर म्हणजे चिखलात कोंबडी नाचलेली. पण दुसऱ्या डॉक्टरांचे असे कागद आले की आमचे डॉक्टरसुद्धा म्हणतात, "केसरीनाथ, बघा हो काय लिहिलंय." बावीस वर्षं कंपाउंडर आहे. शिक्षण सातवी फायनल, इंग्रजी डिक्शनरीतून शिकलेलं. तरी न लागलेला कागद माझ्या हातून आजवर परत गेलेला नाही.

तुझ्यासाठी स्वच्छ प्रत केली आहे, ती सोबत. कपाटाच्या दाराला आतून चिकटव. खळीने चिकटव, भाताने नको, झुरळं लागतात.

गोळी रोज एक, रात्रीच्या जेवणानंतर. कडू आहे, चावू नये. ही हिवतापाचीच गोळी, क्लोरोक्विन, पण सांध्यांच्या वातावरही चालते. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर "काही होत नाही" म्हणून सोडायची नाही. गोळ्यांची चिंता करू नकोस. इथल्या यंत्रमाग कामगारांना हिवताप पगारासारखा येतो, महिन्याच्या महिन्याला, त्यामुळे आमच्याकडे हजार गोळ्यांचा डबा कायम उघडा असतो. राघो कंडक्टर मुरबाड गाडीवर असतो, त्याच्या हाती पाठवत जाईन.

मूळ कागदावर खाली दोन ओळी आणखी आहेत. त्या डॉक्टर लोकांच्या आपापसातल्या. याने त्याच्याकडे पाठवायचं, त्याने याच्याकडे. तुझ्या कामाच्या नाहीत म्हणून उतरवल्या नाहीत. मूळ कागद माझ्या फायलीत आहे.

पंढरीरावांना नमस्कार, नीलाला आशीर्वाद.

तुझा भाऊ
केसरीनाथ


सरळगाव, ता. मुरबाड
१४ डिसेंबर १९८६

ती. भाऊस सुमतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

भाऊ, आज फळ्यावर स्वतःच्या हाताने सुविचार लिहिला. वर्षभर ते काम मुलांकडून करून घेत होते, कारण खडू बोटांत धरवत नव्हता. आता पहाटे उठल्यावर बोटं आपोआप उघडतात. काल भाकऱ्या थापल्या, अकरा. सासूबाई चुलीपाशी बसून मोजत होत्या. आक्कांचं तोंड तुला माहीत आहे, कुणाला चांगलं म्हणायचं तर त्यांना पैसे पडतात. पण म्हणाल्या, "तुज्या भावाच्या हाताला गुन हाय. डाक्टर न्हाय तरी डाक्टर हाय." तुला कळवते म्हटलं तर लगेच, "नको गो, फुगंल."

हे विचारत होते, सहा महिने झाले, ठाण्याच्या डॉक्टरांनी परत बोलावलं नव्हतं का? मलाही पुसट आठवतं, ते डोळ्यांचं काहीतरी बोलले होते. पण तेव्हा माझा सगळा जीव बोटांत होता. तू कागद नीट वाचला आहेस, तेव्हा तू सांगशील तसं.

नीला आठवीत पहिली आली. मामाला कळव म्हणते.

तुझी
सुमती


कामतघर, भिवंडी
ता. २१ डिसेंबर १९८६

चि. सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

आक्कांना सांग, फुगलो.

पंढरीरावांना सांग की दुखत सांधे होते, डोळे नव्हे. गुण आलेल्या माणसाने परत डॉक्टरकडे जायचं म्हणजे चालत्या मागाला उगाच पाना लावायचा. ते तुला डोळेवाल्याकडे पाठवणार, डोळेवाला रक्त तपासायला पाठवणार, आणि तुझ्या रजा संपणार. मी रोज दीडशे माणूस बघतो. हिवतापाची गोळी खाऊन आंधळा झालेला एकही कामगार मी कामतघरात पाहिलेला नाही.

गोळी चालू ठेव. पावसाळ्यात वात बळावतो, तेव्हा जून ते सप्टेंबर दोन घ्यायच्या. तुझं वजन मी ठाण्याला काट्यावर स्वतः बघितलं होतं, बावन्न किलो. पुस्तकातल्या प्रमाणाशी ते ताडून मगच लिहितो आहे, अंदाजाने नाही. सोबतच्या चिठ्ठीवर हा बदल लिहिला आहे, ती त्याच कागदाखाली चिकटव.

नीलाला शब्दकोश पाठवतो आहे. पानं दुमडू नये.

तुझा भाऊ
केसरीनाथ


सरळगाव
२८ ऑगस्ट १९८८

ती. भाऊस शि. सा. नमस्कार.

गोळ्या मिळाल्या. राघो म्हणाला, "बाई, तुमच्या भावाने गाठ अशी मारलीय की कात्री मोडेल." गेल्या पावसाळ्यात दोन सुरू केल्या त्या मी कमी केल्याच नाहीत. दोनांनी बरं वाटतं, एक चुकली की अंगठा धरतो. तुला विचारायचं राहून गेलं. बाकी भूक कमी झाली आहे, झंपर दोनदा आत घेतले. आक्का म्हणतात, "मास्तरीन वाळली, काकडी झाली."

एक विचारायचं होतं. वाचताना माझी अक्षरं हरवतात. डोळे दुखत नाहीत, पाणी येत नाही, लांबचा डोंगर स्वच्छ दिसतो. पण "सरोवर" वाचायला जावं तर मधला "रो" दिसतो आणि दोन्ही बाजूंना कुणीतरी ओल्या फडक्याने पुसल्यासारखं. नजर सरकवली की पुसलेलंही सरकतं. तिसरीत गोदू नावाची एक आगाऊ मुलगी आहे, ती भर वर्गात म्हणाली, "बाई, तुम्ही अक्षरं गिळता." सगळे हसले, मीही हसले. आता धडा मुलांकडूनच वाचून घेते. तपासनीस साहेब येणार आहेत दिवाळीनंतर, त्यांच्यापुढे असं झालं तर काय ते कळत नाही. वाचता येत नसेल तर मास्तरणीने करायचं काय?

चष्म्याचा नंबर असेल का? तू सांग.

तुझी
सुमती


कामतघर, भिवंडी
ता. ४ सप्टेंबर १९८८

चि. सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. आधी डोळा म्हणजे काय ते समजून घे, मग भीती अर्धी होते.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, पडदा असतो. त्या पडद्याच्या साधारण मधोमध एक पिवळसर जागा आहे, तिला पीतबिंदू म्हणतात. पुस्तकात माप दिलं आहे. पीतबिंदू ज्वारीच्या दाण्याएवढा आणि त्याच्या पोटात एक खाच, ती मोहरीपेक्षाही लहान. तू वाचतेस, सुईत दोरा ओवतेस, नीलाचं तोंड ओळखतेस, ते सगळं त्या खाचेत. बाकीचा एवढा मोठा पडदा फक्त "कुणीतरी आलं" एवढंच सांगतो. आमच्याकडे माग चालवणारे दोनशे आणि तुटलेला धागा बघून बोट ठेवणारा एक, तसं. हे मी आमच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "केसरीनाथ, तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं." मी म्हटलं, मास्तरकी बहिणीला दिली.

तुला चाळिशी लागली आहे, एवढंच असेल. पण मी अंदाजाने बोलत नाही. एक परीक्षा मी स्वतः बसवली आहे, ती कर. भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान काढ. हात सरळ पुढे केला की पानाला टेकेल एवढ्या अंतरावर उभी राहा. एक डोळा तळहाताने झाक, दाबू नकोस. बुधवारच्या १९ तारखेवर नजर खिळव आणि हलवू नकोस. आजूबाजूच्या कोणत्या तारखा दिसतात, कोणत्या नाहीत, ते नीलाकडून लिहून घे. मग दुसरा डोळा. चाळिशी असेल तर सगळ्याच सारख्या अंधुक दिसतील.

गोळ्या चालू ठेव. दोन चालतील.

तुझा भाऊ
केसरीनाथ


सरळगाव
२ ऑक्टोबर १९८८

ती. भाऊस शि. सा. नमस्कार.

परीक्षा दिली. नीला छडी घेऊन उभी होती, माझी नजर हलली की म्हणायची, "आई, कॉपी."

१९ स्वच्छ दिसते. तिच्या भोवतीच्या ११, १२, १३, १८, २०, २५, २६, २७ दिसत नाहीत. त्यांच्या पलीकडच्या पुन्हा दिसतात. दोन्ही डोळ्यांना तेच, एका तारखेचाही फरक नाही. वीस तारखेचा दसरा लाल अक्षरात आहे, तोच गेला. मी हसले, पण नीला हसली नाही.

अंधुक नाहीत, भाऊ. नाहीतच. विहिरीच्या काठासारखं गोल आणि मधे १९ एकटी.

हे कसलं असतं ते कळव. वाट बघते.

तुझी
सुमती


कामतघर, भिवंडी
ता. २० नोव्हेंबर १९८८

चि. सौ. सुमतीस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. दवाखान्यात गर्दी होती.

काळजीचं काही दिसत नाही. रेतीबंदरच्या चष्मेवाल्याकडून चाळिशीचा चष्मा घेतला आहे, तो राघोबरोबर पाठवला. वापरून बघ.

दुसरं म्हणजे गोळ्या बंद कर. हा डबा जुना होता, पावसात ओल धरली, औषध खराब झालं आहे. असतील त्या फेकून दे. शेकावर भागव.

सध्या तुझं वजन किती आहे ते कळव.

केसरीनाथ


सरळगाव
१० जून १९९०

ती. भाऊस शि. सा. नमस्कार.

तुझ्या अनंताच्या लग्नाहून सुखरूप पोचलो. सून गोड आहे असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. ओळी वरखाली गेल्या असतील तर सांभाळून घे, हे पत्र मी पट्टी ठेवून लिहिते आहे.

भाऊ, मला तुझ्याशी बोलायचं होतं, पण चार दिवसांत तू एकदाही माझ्याजवळ बसला नाहीस. मी जिथे जायची तिथून तुला काम निघायचं. मी दाराकडे तोंड करून बसायची तेव्हा तुला वाटत असेल, ही दाराकडे बघते. मी तुझ्याकडे बघत होते. आता समोर बघितलं की समोरचंच दिसत नाही. कोंबडीसारखी मान वळवून कडेने बघावं लागतं, तेव्हा थोडं कळतं. आधी मधली १९ तरी होती. गेल्या दिवाळीपासून तीही नाही. माणसांना हात आहेत, लुगडी आहेत, तोंडं नाहीत.

आत्या म्हणून मला पुढे केलंत. सुनेला कुंकू लावायला बोट नेलं ते तिच्या पापणीवर टेकलं. तेव्हा तूच मोठ्याने म्हणालास, "आमच्या सुमतीला आनंदाने दिसेनासं झालंय." लोक हसले. ती पोरगी डोळा चोळत होती, आणि तू हसला नव्हतास. आवाजावरून कळतं, भाऊ, आता मला तेच कळतं.

तुझा चष्मा काही उपयोगाचा नाही. वजन विचारलं होतंस, मी एकेचाळीस कळवलं, त्यावर तुझं उत्तर नाही. गोळ्यांचं म्हणशील तर हयगय केलेली नाही. तुझा जुना डबा खराब निघाला म्हणालास, म्हणून त्या फेकल्या आणि आमच्या आरोग्य केंद्रातून ताज्या घेते. हिवतापाची म्हटलं की फुकट देतात. रोज दोन, तुझ्या कागदावर आहे तशा. सोडल्या तर बोटं मिटतात, मग दिसतही नाही आणि धरवतही नाही.

शाळेत अजून कुणाला सांगितलेलं नाही. गोदू आता पाचवीत जाईल, तरी मधल्या सुट्टीत येऊन मला हजेरी वाचून दाखवते. आता ती हसत नाही.

तुझी
सुमती


कामतघर, भिवंडी
ता. १३ जून १९९०

सुमती,

हे पत्र राघो स्वतः तुझ्या हातात देईल. नीलाने लगेच वाचून दाखवावं.

गोळ्या आज, आत्ता बंद. ताज्या, जुन्या, कुठल्याच नाहीत. एकसुद्धा नाही. बोटं मिटली तर मिटू देत.

कपाटावरचा कागद काढ आणि बरोबर घे. सोमवारी पहिल्या गाडीने कल्याणला ये, मी स्टँडवर असेन. मुंबईला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं आहे.

केसरीनाथ


सरळगाव
५ ऑगस्ट १९९०

ती. भाऊस शि. सा. नमस्कार.

अक्षर नीलाचं आहे, बोलणं माझं. मी म्हणेन ते अक्षर न अक्षर लिहायचं असं तिला बजावलं आहे.

मुंबईला तू मला आत सोडलंस आणि व्हरांड्यात उभा राहिलास. आत काय झालं ते तू परतीच्या वाटेवर विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आता सांगते.

डॉक्टरांनी बाहुलीत औषध घातलं, दिवा लावून दोन्ही डोळ्यांत बघितलं. मग विचारलं, "बाई, हिवतापाची गोळी किती वर्षं घेताय?" मी काही सांगायच्या आधी. मी चार म्हटलं. रोज किती? दोन. कुणी दिली? मी कपाटावरचा कागद दिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे. पण कागद अपुरा आहे. हे औषध एवढे दिवस द्यायचं आणि डोळे तपासायला सांगायचं नाही, असं कुठलाही सांध्यांचा डॉक्टर करणार नाही."

मग त्रास पहिल्यांदा केव्हा कळला ते विचारलं. मी कॅलेंडरचं सांगितलं, तारखांसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ही परीक्षा तुम्हाला कुणी सांगितली?" मी पदर सारखा केला. "ज्याने सांगितली, त्याला त्या उत्तरावरून कळायला हवं होतं. तेव्हाच गोळ्या थांबल्या असत्या तर मधली नजर बहुतेक राहिली असती. आता गेलेलं परत येणार नाही. कडेचं राहील, वाट दिसेल."

तो माणूस बाहेर व्हरांड्यात उभा आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. नीला सांग म्हणत होती. मी तिचा हात दाबला.

शाळेने मला पंधरवड्यापासून रजेवर बसवलं आहे. पुढे काय ते वरून ठरेल. आक्का रोज दुधात हळद घालून देतात आणि कुणालातरी शिव्या घालतात. कुणाला ते विचारलं तर म्हणतात, "न्हाय गो, माशांना."

भाऊ, मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस की मूळ कागदाच्या दोन ओळी उतरवल्या नाहीत. त्या काय होत्या? आणि माझ्या ऑक्टोबरच्या तारखा बघून तुला काय कळलं होतं?

तुझी सगळी पत्रं मी नीलाकडून पुन्हा वाचून घेतली. राघोने हातात दिलेलं सोडलं तर नोव्हेंबरचं एकच तेवढं लहान आहे.

उत्तर नीलाच वाचेल. आहे तेच वाचते ती. मी तिला तसंच शिकवलं आहे.

तुझी
सुमती


कामतघर, भिवंडी
ता. २६ ऑगस्ट १९९०

चि. सौ. सुमतीस.

तीन आठवडे लागले. या वेळी गर्दीचं कारण देत नाही. पंधरा दिवसांपूर्वी, शनिवारी, आमच्या डॉक्टरांना मूळ कागद दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी फक्त हात पुढे केला, मी औषधांच्या कपाटाची किल्ली त्यात ठेवली. तेव्हापासून घरी आहे.

घरी बसून एक काम केलं. चष्म्याच्या दोन्ही काचांवर मधोमध काळा गोल कागद चिकटवला आणि बुबूळ न हलवता भिंतीवरची अक्षरं वाचायला बसलो. पहिल्या दिवशी काहीच वाचता आलं नाही. सून चहा घेऊन आली, तिला तोंड नव्हतं. संध्याकाळी चष्मा काढला, ते तोंड परत आलं, आणि मी तो चष्मा पुन्हा घातला. माझा कागद काढता येतो, हा फरक मला रोज दिसतो. तुला जे होतं ते यातून पुरतं कळतं असं मी म्हणत नाही. पण एवढं कळलं की अक्षर अडीच इंच उंच असलं, ठळक असलं आणि एका वेळी एकच शब्द समोर असला, तर कडेच्या नजरेने वाचता येतं. बारीक लिहायची मला हौस. हे असं लिहायला शिकावं लागलं.

राघोबरोबर एक गठ्ठा पाठवला आहे. कापडाच्या ताग्यात घालतात ते पांढरे पुठ्ठे आहेत, अठरा. प्रत्येकावर एक शब्द, काळ्या रंगाने, ब्रशने. मागे आकडे आहेत, त्या क्रमाने नीलाने लावून द्यावेत. ओटीवर उन्हाकडे पाठ करून बस. पुठ्ठा हातभर लांब धर. शब्दाकडे बघू नकोस, वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघ, म्हणजे शब्द कडेला येईल. घाई करू नकोस.

तुझी दोन्ही उत्तरं त्यात आहेत. पहिले दहा पुठ्ठे ठाण्याच्या डॉक्टरांच्या दोन ओळी. या वेळी काहीही गाळलेलं नाही, मूळ कागदही गठ्ठ्यात आहे. पुढचे आठ माझे.

हे नीलाच्या तोंडून तू ऐकावंस असं मला वाटलं नाही. त्यात माझी लाजही आहे, ती लपवत नाही. पण चार वर्षं मी तुला माझ्या अक्षरातून जे वाचायला दिलं ते खोटं होतं. खरं तरी तू तुझ्या डोळ्यांनी वाचावंस, जे काय उरले आहेत त्यांनी. वाचून झालं की पंढरीरावांना दाखव, आक्कांना वाचून दाखव. माशांना शिव्या द्यायची गरज नाही.

नीला, तू इथे थांब. पुढचं आई वाचेल.

केसरीनाथ


दर

सहा

महिन्यांनी

डोळे

तपासा.

नाही

जमलं

तर

गोळी

बंद.

मी

वाचलं

होतं.

ऑक्टोबरात

कळलंही

होतं.

सांगितलं

नाही.